पत्र राहते कुठे आणि चावी असते कुणाकडे?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी असरची नमाज आटोपून बसलो होतो, तोच खालूंचा फोन आला. "बेटा, जरा वखारीवर ये. कॉम्प्युटर सुरूच होईना."

खालूंची लाकडाची वखार लकडगंजात आहे. नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगायचे तर लकडगंज हे नावच लाकडावरून पडलेले. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान इथे उतरते, आरा मशीनवर चिरले जाते आणि दारे-खिडक्या होऊन गावोगाव जाते. अशा धंद्यात कॉम्प्युटरचे काय काम, असे कुणालाही वाटेल. पण आता भाव ईमेलवर येतात, बिले ईमेलवर जातात आणि सीएसुद्धा हिशेब ईमेलवरच मागतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुरुस्तीवाला मुलगा हार्ड डिस्क कानाशी धरून बसला होता. म्हणाला, "आतून टकटक आवाज येतोय, म्हणजे गेलीच समजा. मोठ्या शहरात पाठवून डेटा काढता येतो, पण खर्च फार आणि खात्री कुणी देत नाही."

खालू गप्प झाले. बिलांची त्यांना काळजी नव्हती, त्यांच्या प्रती सीएकडे होत्या. काळजी एका जुन्या भागीदाराच्या पत्रांची होती. आजारपणामुळे ते भागीदार धंद्यातून बाहेर पडले होते. त्यांचा हिस्सा हप्त्याने द्यायचा ठरले होते. काही हप्ते बँकेतून गेले, काही रोख. प्रत्येक हप्त्यानंतर खालू ईमेल करायचे आणि भागीदार उलट एका ओळीत कळवायचे, "पोहोचले." मग भागीदारांचा इंतकाल झाला. मागे पत्नी आणि दोन लहान मुले. भाभींच्या आठवणीप्रमाणे तीन हप्ते बाकी होते, खालूंच्या आठवणीप्रमाणे दोन. दोघेही खोटे बोलणारे नाहीत. फैसला करणार होती ती ईमेल, आणि ती त्या टकटक करणाऱ्या डिस्कमध्ये होती.

आम्हाला वाटले, पाठवणाऱ्याकडची प्रत गेली तर काय झाले, घेणाऱ्याकडची असेलच. भागीदार आपली पत्रे ब्राउझरमध्ये आणि मोबाईलवर पाहत असत. म्हणजे पत्रे ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर शाबूत असणार. पण त्यांचा मोबाईल फॉरमॅट करून धाकट्या भावाला दिलेला. सिम रिचार्जअभावी बंद पडले आणि तो नंबर दुसऱ्याच कुणाला मिळाला. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. ओटीपी मागवला की तो त्या परक्या माणसाच्या मोबाईलवर जाणार.

एकाची पत्रे घरात होती, ती घरातच नष्ट झाली. दुसऱ्याची पत्रे सुरक्षित होती, पण दार उघडणारे कुणी उरले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही नातेवाइकांत आणि शाळेतल्या सहकाऱ्यांत एक प्रश्न विचारू लागलो: तुमची ईमेल राहते कुठे? बहुतेकांचे उत्तर, "मोबाईलमध्ये." ते उत्तर पुरे नाही. म्हणून हा लेख.

वखारीचा हिशेब

ईमेल वाचण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला ब्राउझरचा. क्रोम किंवा फायरफॉक्स उघडायचे, जीमेल, याहू, आउटलुक डॉट कॉम किंवा झोहोच्या पानावर जाऊन पासवर्ड टाकायचा आणि पत्रे वाचायची. दुसरा मार्ग डेस्कटॉप प्रोग्रामचा. थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा प्रोग्राम कॉम्प्युटरवर बसवायचा. तो सर्व्हरवरून पत्रे आणतो आणि तुमच्या मशीनवर ठेवतो.

खालूंना आम्ही हे त्यांच्याच भाषेत समजावले. ब्राउझरची ईमेल म्हणजे तुमचा माल दुसऱ्याच्या वखारीत ठेवलेला. तुम्ही तिथे जाता, पाहता, परत येता. घरी काहीच आणत नाही. वखार मजबूत आहे, राखणदार आहेत, आगीची भीती कमी. पण दाराचे कुलूप त्यांचे आणि नियमही त्यांचेच.

डेस्कटॉप प्रोग्रामच्या दोन पद्धती आहेत आणि गोंधळ इथेच होतो. एक पॉप, दुसरी आयमॅप. जुन्या पॉप पद्धतीत प्रोग्राम माल उचलून घरी आणतो आणि तिकडची जागा बहुधा रिकामी करतो. तिकडे प्रत ठेवायची सोय असते, पण ती सेटिंगमध्ये जाऊन पाहावी लागते. खालूंच्या मशीनवर अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी अशीच सेटिंग करून दिली होती. सगळा माल एका खोलीत, आणि ती खोलीच कोसळली.

आयमॅपमध्ये माल तिकडेही राहतो आणि त्याची प्रत इकडेही येते. इथे वाचलेले पत्र तिकडेही वाचलेले दिसते. मोबाईल, घरचा कॉम्प्युटर आणि दुकानाचा कॉम्प्युटर, तिन्हीकडे एकच चित्र. आज नवीन प्रोग्राम बसवताना आयमॅपच निवडावे. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आयमॅपमध्ये इथे पुसलेले पत्र तिकडेही पुसले जाते. म्हणून आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, त्याविषयी पुढे सांगतो आहोत.

पूर्वी डेस्कटॉपच का होता?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्या काळी फोनच्या तारेवरून जोडणी व्हायची, ती हळू चालायची आणि जोडलेल्या वेळेचे पैसे पडायचे. इंटरनेट जोडायचे, पत्रे उतरवून घ्यायची, लगेच तोडायचे आणि मग निवांत वाचायचे, ही शहाणपणाची रीत होती. विंडोज ९८ सोबत आलेला आउटलुक एक्सप्रेस अनेकांच्या कॉम्प्युटरवर असायचा, तो याच कामासाठी.

ब्राउझरच्या ईमेलला लोकप्रिय करण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. चंदीगडला जन्मलेले साबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत हॉटमेल सुरू केली. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून आपली पत्रे वाचा, ही त्यामागची कल्पना. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आली, तीही एक जीबी जागा घेऊन. त्या काळात ही जागा इतकी मोठी होती की तारीख पाहून अनेकांना थट्टाच वाटली. पत्रे पुसण्याची गरज संपली आणि लोक ब्राउझरकडे वळले.

आज आमच्या लकडगंजच्या टेलिफोन एक्स्चेंज चौकात त्याच नावाचे मेट्रो स्टेशन उभे आहे आणि पोराटोरांच्या हातात दिवसभर चालणारे इंटरनेट आहे. वेळेचे पैसे वाचवण्यासाठी डेस्कटॉप प्रोग्राम ठेवण्याची गरज उरलेली नाही. त्याची कारणे आता वेगळी आहेत.

ब्राउझरचे फायदे आणि धोके

घरी एकच जुना कॉम्प्युटर असेल आणि चार जण वापरत असतील तर ब्राउझर बरा. काही बसवावे लागत नाही. मशीन बिघडले तरी पत्रे राहतात. नवे संरक्षण आणि नव्या सोयी आपोआप येतात. जीमेल मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांत वापरता येते. घरातल्या मोठ्यांसाठी ही सोय लहान नाही.

धोके मात्र माहीत हवेत. पहिला, लॉगआउट न करणे. सायबर कॅफेत किंवा शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडून तसेच उठून आले की दार सताड उघडे. दुसरा, जागेची मर्यादा. गुगलची मोफत १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींसाठी मिळून असते. शादीचे व्हिडिओ चढवून ती भरली की ईमेल येणे-जाणे थांबते. मुलीच्या स्कॉलरशिपचे पत्र का आले नाही, याचे उत्तर कधी कधी मामूच्या शादीच्या व्हिडिओत सापडते.

तिसरा धोका विसरण्याचा. दोन वर्षे न वापरलेले खाते आतल्या सामानासह काढून टाकण्याचा नियम गुगलने केला असून डिसेंबर २०२३ पासून तो अमलात येऊ लागला. वडिलांचे जुने खाते "असू दे पडून" म्हणून सोडले असेल तर आजच उघडून पाहा.

डेस्कटॉपचे फायदे आणि धोके

ज्यांची दोन-तीन खाती आहेत, रोज वीस-पंचवीस पत्रे येतात आणि जुनी पत्रे शोधावी लागतात, त्यांना डेस्कटॉप प्रोग्राम सोयीचा. एकाच खिडकीत सगळी खाती दिसतात. इंटरनेट बंद असले तरी उतरवलेली पत्रे वाचता येतात. ब्राउझरमध्येही जीमेलची ऑफलाइन सोय आहे, पण ती ७, ३० किंवा ९० दिवसांच्या पत्रांपुरती. डेस्कटॉपवर सगळी वर्षे ठेवता येतात. आणि मुख्य म्हणजे तुमची स्वतःची प्रत तुमच्या ताब्यात राहते.

थंडरबर्ड मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या सगळ्यांवर चालतो. बसवणेही अवघड नाही. नाव आणि ईमेल पत्ता टाकला की बाकीची माहिती तो बहुधा स्वतः शोधतो. जीमेलचे खाते असेल तर गुगलचे लॉगिनचे पान उघडते, तिथे पासवर्ड टाकून परवानगी द्यायची. जुने प्रोग्राम नुसता पासवर्ड घेऊन काम करायचे. गुगलने मे २०२२ अखेरीपासून वैयक्तिक खात्यांसाठी ती पद्धत बंद केली. "पासवर्ड बरोबर आहे तरी जुना प्रोग्राम चूक म्हणतो," अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच.

आणखी एक बारकावा. विंडोजमध्ये आधीपासून येणारा "मेल" हा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद केला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवले. हे नवे आउटलुक दिसायला डेस्कटॉप प्रोग्राम आहे. पण त्यात जीमेलसारखे बाहेरचे खाते जोडले की त्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवली जाते. जोडताना तशी सूचना येते, आपण न वाचता "पुढे" दाबतो. पत्रे आपल्याच मशीनवर राहावीत म्हणून डेस्कटॉप निवडणाऱ्याने ती सूचना थांबून वाचावी.

डेस्कटॉपचा मोठा धोका घरातलाच. प्रोग्राम उघडला की पत्रे समोर. जो खुर्चीत बसेल तो वाचेल. थंडरबर्डमध्ये मुख्य पासवर्ड ठेवता येतो, पण तो साठवलेल्या पासवर्डांचे रक्षण करतो. आधीच उतरवलेल्या पत्रांना त्याने कुलूप लागत नाही. म्हणून कॉम्प्युटरवर प्रत्येकाचे वेगळे युजर खाते आणि वेगळा पासवर्ड हवा. ही अविश्वासाची गोष्ट नाही. सूरह अल-हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या गोष्टी शोधत फिरण्याची मनाई आली आहे, आणि ती घराच्या उंबरठ्याच्या आतही लागू आहे. बहिणीचे पत्र भावाने वाचू नये, सुनेचे सासूने वाचू नये.

कोणत्या घराला काय?

विद्यार्थ्यांसाठी ब्राउझर. क्रोममध्ये प्रत्येक मुलाचे वेगळे प्रोफाइल बनवावे, म्हणजे आपाच्या प्रवेशाचे पत्र भाईजानच्या पत्रांत मिसळणार नाही. फॉर्म भरायला बाहेर जाताना मात्र स्वतःचाच ईमेल पत्ता द्यावा.

हे सांगण्याचे कारण आहे. हज, पासपोर्ट, स्कॉलरशिप, कुठल्याही अर्जाला ईमेल लागते. घाईत फॉर्म भरणारा दुकानदार नवे खाते बनवून देतो आणि रिकव्हरीसाठी स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. त्याची नियत वाईट नसते, त्यालाही दिवसाला पन्नास फॉर्म भरायचे असतात. पण खाते तुमचे आणि चावी त्याची, असे होऊन बसते. आमच्या एका फुफींच्या अर्जाच्या वेळी हेच झाले. दुकान बंद झाले आणि फुफींना स्वतःच्याच ईमेलमध्ये शिरता येईना. खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा नंबर कुणाचा आहे, ते आज पाहा.

दुकानदार आणि व्यापाऱ्यांसाठी आमचे मत डेस्कटॉपच्या बाजूने, आयमॅप पद्धतीने. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपावी लागतात. वाद कोर्टात गेलाच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ईमेलसारख्या नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी मूळ पत्र कुठेतरी शाबूत असायला हवे. दर महिन्याला महत्त्वाची पत्रे थंडरबर्डच्या "लोकल फोल्डर्स"मध्ये कॉपी करावीत आणि सगळे प्रोफाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे. ती डिस्क दुकानात ठेवू नये, घरी न्यावी. लाकडाच्या बाजारात आगीची भीती काय असते, ते लकडगंजवाल्यांना सांगायला नको. जे ब्राउझरच वापरतात, त्यांना गुगल टेकआउटमधून सगळ्या ईमेलची प्रत उतरवून घेता येते. ती वर्षातून दोनदा घेतली तरी पुष्कळ.

मशीद, मदरसा आणि शाळेच्या कमिट्यांनी सेक्रेटरीच्या वैयक्तिक ईमेलवर कारभार चालवू नये. सेक्रेटरी बदलले की पत्रव्यवहार त्यांच्यासोबत जातो. संस्थेच्या नावाचे खाते काढावे, रिकव्हरीला संस्थेचा नंबर द्यावा आणि पासवर्ड बंद पाकिटात कपाटात ठेवावा.

फसवणुकीच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्ग सारखेच. "आमचा बँक खाते नंबर बदलला आहे, पैसे नव्या खात्यात टाका," असे ओळखीच्या पार्टीच्या नावाने पत्र आले तर आधी त्यांना जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

अमानत

कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकरातली २८२वी, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लहानपणी मदरशात ती शिकताना आमच्या मनात यायचे, व्यवहारासारख्या साध्या गोष्टीसाठी इतका तपशील का? खालूंच्या वखारीत त्या संध्याकाळी उत्तर मिळाले. लिहिलेले होते, पण ते सापडेल अशा जागी जपलेले नव्हते. लिहिणे आणि जपणे, दोन्ही मिळून ती अमानत पुरी होते.

आपल्यामागे चावी कुणाकडे जाईल, याचाही विचार करावा. गुगलमध्ये "इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" नावाची सोय आहे. खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही तर तुम्ही निवडलेल्या विश्वासू व्यक्तींना कळवले जाते आणि तुम्ही ठरवलेली माहिती त्यांना मिळते. मुदत तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत ठरवता येते, माणसे दहापर्यंत. आपण वसीयत लिहितो, घराचे कागद कुठे आहेत ते पत्नीला सांगतो. त्याच यादीत हेही एक काम. कुणाच्या तरी भागीदाराने ते केले असते, तर दोन यतीम मुलांचा हिशेब एका ओळीने मिटला असता.

त्या हप्त्याचे काय झाले, हे वाचकांच्या मनात असेलच. ती ईमेल शेवटपर्यंत सापडली नाही. मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांसमोर बसणे झाले. भाभी म्हणाल्या, "खालूजान, माझी चूक असेल तर मला नको." खालूंनी तिन्ही हप्ते दिले. निघताना आम्हाला म्हणाले, "बेटा, एक हप्ता जास्त गेला असेल तर माझ्या खिशातून गेला. कमी गेला असता तर यतीमांच्या हक्कातून गेला असता. ते ओझे घेऊन मला जायचे नाही."

आता वखारीवर नवा कॉम्प्युटर आहे. त्यात आयमॅपवर थंडरबर्ड आहे, बाहेरची डिस्क दर जुम्याला खालू डब्याच्या पिशवीतून घरी नेतात आणि खात्याच्या विश्वासू व्यक्तींत खालाचे नाव आहे. हप्त्याची पावती मात्र ते ईमेल करून झाल्यावर छापूनही घेतात आणि वहीत लावतात. आम्ही त्यांना अडवले नाही.

वाचकांनी एवढेच करावे. आज इशानंतर अर्धा तास काढून घरातल्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत: तुझी पत्रे राहतात कुठे, आणि चावी कुणाकडे आहे? अल्लाह आपल्याला एकमेकांच्या अमानती जपण्याची तौफिक देवो. आमीन.